खुंट्याची दुसरी बाजू

जिंतूरहून परभणीला जाताना वाटेत बोरी लागतं. काळ्या मातीचं, ज्वारी-कापसाचं मोठं गाव. इथल्या एखाद्या जुन्या घराच्या परसात नीट पाहिलंत, तर भिंतीला टेकवून ठेवलेला एक गोल दगड दिसेल. मधोमध भोक आणि कडेला आणखी एक लहान भोक. पावसाने काळवंडलेला असेल, त्यावर कोंबडीही बसली असेल. आजीला विचारा, हे काय आहे. ती म्हणेल, "जातं हाय माय, आमच्या सासूचं."

त्या दगडाची गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे. कारण आपल्या जिल्ह्यातली एक मुलगी असा दगड फिरवता फिरवता संत झाली. तिने ना मठ बांधला, ना राजाच्या दरबारात वाद जिंकला. ती दुसऱ्यांच्या घरी काम करायची. तरीही सातशे वर्षं होत आली, लोक तिचं नाव घेतात, तिचा दिवस पाळतात. तिचं नाव जनी. आपण तिला संत जनाबाई म्हणतो.

गंगेकाठची जनी

बोरीहून सकाळच्या एसटीने परभणीला गेलात आणि तिथून दक्षिणेकडची गाडी धरलीत, तर दुपारच्या जेवणाआधी गोदावरीच्या पुलावर पोहोचाल. पुलापलीकडे गंगाखेड. गोदावरीला आपल्याकडची माणसं नुसतं 'गंगा' म्हणतात. गंगेला पूर आला, गंगेवर अंघोळीला गेलो, असंच बोलतात. त्या गंगेकाठचं खेड म्हणून गंगाखेड. जनाबाईचा जन्म इथला. वडिलांचं नाव दामा, आईचं करुंड. घर गरिबाचं आणि विठ्ठलाच्या भक्तीचं.

जनी लहान असतानाच वडील तिला घेऊन पंढरपूरला गेले. तिथे दामाशेटी नावाचे शिंपी राहत. त्यांच्या घरी त्यांनी लेकीला ठेवलं. कुणी सांगतं, आई वारली होती आणि बापाला लेक सांभाळणं जमेना. कुणी सांगतं, विठ्ठलाचं दर्शन झाल्यावर जनीच हटून बसली, मी इथून परत येणार नाही म्हणाली. दोन्ही गोष्टींचा शेवट एकच आहे. बाप गंगाखेडला परतला आणि लहानगी जनी परक्या घरात कामाला राहिली.

त्या घरात नामदेव होते. हेच पुढे संत नामदेव झाले. त्यांचा काळ १२७० ते १३५० असा सांगतात. नामदेवांच्या घराण्याचं मूळ गाव नरसी. आज ते हिंगोली जिल्ह्यात आहे. पण हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. म्हणजे तुमचे आईवडील शाळेत होते तेव्हा नरसी आणि गंगाखेड ही दोन्ही गावं आपल्याच परभणी जिल्ह्यात होती. नामदेव पुढे पंजाबपर्यंत गेले. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. मालक इतका मोठा झाला, तर त्याच्या घरातल्या दासीचं नाव कुणाच्या लक्षात राहील? पण राहिलं. कसं राहिलं, ते पाहू.

पंधरा माणसांचं दळण

नामदेवांच्या घरात कोण कोण होतं, ते मोजून पाहा. दामाशेटी आणि गोणाई हे आईवडील. नामदेव आणि त्यांची बायको राजाई. नारा, विठा, गोंदा, महादा असे चार मुलगे आणि त्यांच्या चार बायका. मुलगी लिंबाई, बहीण आऊबाई. झाली चौदा माणसं. पंधरावी जनी.

आता हिशोब करू. माणशी दिवसाला चार भाकरी धरल्या, तर साठ भाकरी झाल्या. एका भाकरीला साधारण शंभर ग्रॅम पीठ धरा. म्हणजे रोज सहा किलो पीठ. तेव्हा ना गिरणी होती, ना वीज. हे सगळं पीठ हाताने दळायचं. शिवाय भाकरीचं पीठ साठवून ठेवता येत नाही, जुनं झालं की भाकरी थापताना फुटते. म्हणून दळण जवळजवळ रोजचंच.

जातं चालतं कसं, ते एकदा समजून घ्या. दोन जाड, गोल दगड एकावर एक ठेवलेले असतात. खालचा हलत नाही. त्याच्या मधोमध एक खीळ असते, तिच्याभोवती वरचा दगड फिरतो. वरच्या दगडाच्या कडेच्या भोकात लाकडी खुंटा ठोकलेला असतो. खुंटा धरून दगड फिरवायचा आणि दुसऱ्या हाताने मधल्या भोकात मूठमूठ दाणे टाकायचे. याला वैरण घालणं म्हणतात. दाणे दोन दगडांच्या मध्ये सापडतात, भरडतात, बारीक होत कडेला सरकतात आणि चारी बाजूंनी पीठ गळू लागतं. दगड घासून गुळगुळीत झाला की दाणा नुसता घसरतो. मग दगडाला छिन्नीने टाके घालून तो पुन्हा खरखरीत करून घ्यावा लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. जातं एकट्या बाईला फिरवता येतं, पण खांदे भरून येतात. म्हणून शक्य असेल तेव्हा बाया समोरासमोर बसत. दोघींचे हात एकाच खुंट्यावर. एकीने ओढायचं, दुसरीने पुढे सारायचं. ओझं निम्मं होतं आणि जातं कसं भराभर फिरतं. सासू-सून बसत, जावा-जावा बसत, मायलेकी बसत.

जनीच्या समोर कोण बसणार? ती दासी. पहाटे सगळं घर झोपलेलं असताना एकटीने उठायचं आणि एकटीने दळायचं. खुंट्याची दुसरी बाजू रिकामी. गोष्ट इथून सुरू होते.

कमरेवरचे हात

पंढरपूरचा विठ्ठल तुम्ही पाहिला असेल. निदान भिंतीवरच्या कॅलेंडरवर तरी पाहिलाच असेल. विटेवर उभा, दोन्ही हात कमरेवर. तो विटेवर का उभा आहे, हेही तुम्हाला ठाऊक असेल. पुंडलिक आईवडिलांची सेवा करत होता, तेवढ्यात देव दाराशी आला. हातातलं काम टाकून पुंडलिक उठला नाही. त्याने एक वीट पुढे टाकली आणि म्हणाला, यावर थांब. देव थांबला. देवापेक्षा आधी हातातलं काम पुरं करणारा माणूस त्याला आवडला. म्हणजे हा देव मुळातच काम करणाऱ्यांचा.

आता जनीची कथा ऐका. पहाटेचा अंधार. जनी जात्यावर बसली आहे. तोंडाने विठ्ठलाचं नाव चालू आहे, हात दुखताहेत, सुपातली ज्वारी संपता संपत नाही. तेवढ्यात समोर कुणीतरी येऊन बसतं. खुंट्यावर दुसरा हात पडतो. जड जातं एकदम हलकं होतं. जनी मान वर करून बघते, तर समोर विठ्ठल. कमरेवरचे हात काढून त्याने खुंटा धरला आहे आणि तो जनीबरोबर दळतो आहे.

कथा इथेच थांबत नाही. जनी अंगण झाडते, तेव्हा विठ्ठल केर भरतो. ती पाण्याला जाते, तेव्हा तो घागर उचलू लागतो. ती रानात शेण्या वेचते, तेव्हा तो ओटीत गोळा करतो. ती धान्य कांडते, तेव्हा तोही मुसळ हाती घेतो. सवय नसलेल्या देवाच्या हाताला फोड येतात, मग जनीच त्याला मुसळ सोडायला सांगते. एकदा ती तुळशीच्या बनात केस मोकळे सोडून बसली, तर देवाने आईसारखं तिचं डोकं विंचरून दिलं, उवाही काढल्या. आईविना वाढलेल्या मुलीचं डोकं कोण विंचरणार? म्हणून देव तिची आई झाला.

या सगळ्या प्रसंगांत एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? देव कुठेही जनीला सांगत नाही, तू बस, मी एका फुंकरीत सगळं करून टाकतो. त्याला ते अशक्य नव्हतं. पण तो काम अर्धं वाटून घेतो. ती झाडते, तो भरतो. ती ओढते, तो सारतो. जनीचे हात कधी थांबत नाहीत. फक्त ती एकटी राहत नाही. मला वाटतं, जनीच्या कथेचा सारा जीव एवढ्यात आहे. या चमत्कारात सोन्याचा पाऊस पडत नाही. समोर कुणीतरी येऊन बसतं, इतकाच चमत्कार.

वाकळ आणि पदक

दुसरी कथा जरा भीतीची आहे, पण शेवट गोड आहे.

एका रात्री विठ्ठल जनीच्या खोपटात आला. दोघं बोलत बसले. बोलता बोलता उशीर झाला आणि देव तिथेच झोपला. काकडआरतीची वेळ झाली तशी जनीने त्याला घाईघाईने उठवलं. देव गडबडीत निघाला. जाताना आपला भरजरी शेला आणि गळ्यातलं रत्नाचं पदक तिथेच विसरला आणि अंगावर जनीची वाकळ ओढून गेला. वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून शिवलेलं जाड पांघरूण. थंडीत आजी तुमच्या अंगावर घालते ना, तीच.

पुजाऱ्यांनी देवळाचं दार उघडलं. देवाच्या अंगावर ठिगळांची वाकळ, आणि पदक गायब! शोधाशोध झाली. पदक सापडलं जनीच्या खोपटात. मग काय, सगळ्यांनी ठरवूनच टाकलं, दासीनेच चोरलं. तिचं कुणी ऐकून घेतलं नाही. गरिबाच्या घरात मौल्यवान वस्तू दिसली की लोक आधी चोरीचाच संशय घेतात. हे तेव्हा होतं आणि आजही होतं.

जनीला सुळावर द्यायचं ठरलं. चंद्रभागेच्या वाळवंटात टोकदार सूळ उभा केला. जनीने विठ्ठलाचा धावा केला आणि पाहता पाहता त्या सुळाचं पाणी होऊन गेलं. लोकांच्या माना खाली गेल्या. निरपराध मुलीला आपण चोर ठरवलं, हे त्यांना कळलं.

ही कथा सांगताना कीर्तनकारांचा गळा भरून येतो, तो सुळापाशी. मला मात्र त्या वाकळीचं मोल अधिक वाटतं. देवाने भरजरी शेला टाकून जनीची वाकळ पांघरली. ज्या पांघरुणाला मोठ्या घरातल्या माणसांनी बोटही लावलं नसतं, ते देवळात थेट मूर्तीच्या अंगावर जाऊन बसलं.

गोवऱ्या बोलतात

तिसरी कथा शेणाच्या गोवऱ्यांची. जनीचं नाव ऐकून उत्तरेकडून कबीर तिला भेटायला आले. पाहतात तर काय, दोन बाया गोवऱ्यांच्या ढिगावरून भांडताहेत. माझ्या किती, तुझ्या किती! त्यांतली एक जनी. कबीरांना प्रश्न पडला, ही कसली संत? जनी म्हणाली, गोवऱ्या वेगळ्या करायचं काम तुम्हीच करा. एकेक गोवरी कानाला लावा. जिच्यातून विठ्ठल-विठ्ठल ऐकू येईल, ती माझी. कबीरांनी कानाला लावली आणि खरंच नाद आला. थापताना जनीच्या तोंडी नाव असायचं, ते शेणात जाऊन बसलं होतं.

आता इथे आपण थोडा अभ्यास करू. जनाबाईची समाधी १३५० मधली. कबीर होऊन गेले पंधराव्या शतकात, म्हणजे तिच्यानंतर. मग दोघांची भेट कशी होईल? इतिहासात ती होत नाही, कथेत होते. इतिहास आणि कथा यांचं काम वेगळं असतं. काय घडलं, केव्हा घडलं, हे इतिहास विचारतो. लोकांना काय जपून ठेवावंसं वाटलं, ते कथा सांगते. महाराष्ट्राची दासी आणि काशीचा विणकर, दोघंही हाताने काम करणारे, दोघांच्याही मुखात देवाचं नाव. ही दोघं भेटायला हवी होती, असं लोकांना वाटलं, म्हणून त्यांनी कथेत त्यांची गाठ घालून दिली.

या कथा लिहून ठेवणाऱ्यांत महिपती नावाचे कवी मोठे. ते ताहराबादचे. त्यांनी 'भक्तविजय' हा ग्रंथ १७६२ मध्ये पुरा केला. जनाबाईनंतर चारशे वर्षांहून अधिक काळ गेला होता. तोवर या गोष्टी तोंडातोंडी, जात्यावर, पारावर आणि कीर्तनात जगल्या होत्या.

मग इतिहासाच्या हाती जनीचं काय लागतं? तिचे अभंग. साडेतीनशेच्या आसपास अभंग तिच्या नावावर आहेत आणि ते नामदेवांच्या गाथेबरोबर छापले जातात. अभंगाच्या शेवटी कवी आपलं नाव गुंफतो. जनी तिथे 'नामयाची दासी' किंवा 'दासी जनी' असं म्हणते. जरा विचार करा. सातशे वर्षांपूर्वी घरकाम करणाऱ्या बाईचं नाव कुठे लिहिलं जाई? कुठेच नाही. जनीने ते स्वतःच आपल्या गाण्यात लिहिलं. आपण दासी आहोत हे लपवलं नाही आणि आपलं नावही पुसू दिलं नाही. ज्ञानेश्वर आणि त्यांची भावंडं, चोखोबा, गोरोबा, नामदेव या सगळ्यांना तिने एका अभंगात विठ्ठलाच्या अंगाखांद्यावर खेळणारी लेकरं केलं आहे. एवढ्या मोठ्या संतांना लेकरं म्हणणारी नजर आईची होती. ती घरातल्या दासीजवळ होती.

लुक्का गावची झिटा

आता आपण जरा लांब जाऊ. थेट इटलीत. तिथे लुक्का नावाचं जुनं शहर आहे. ख्रिस्ती लोकांमध्ये एक रीत आहे. एकेका गावाला, एकेका कामाला एक पाठीराखा संत मानतात. कोळ्यांचा वेगळा, सुतारांचा वेगळा. घरकाम करणाऱ्यांची पाठीराखी आहे झिटा. तिचा जन्म १२१२ चा. बाराव्या वर्षी ती लुक्कातल्या एका श्रीमंत घरी कामाला लागली आणि आयुष्यभर तिथेच राहिली. १२७२ मध्ये ती गेली. तेव्हा आपले नामदेव दोन वर्षांचेही नव्हते.

तिची कथा ऐका. एकदा ती अडल्यानडल्याच्या मदतीला गेली आणि पाव भाजायचे राहिले. बाकीच्या नोकरांनी मालकाकडे चहाडी केली. मालक स्वयंपाकघरात आला, तर देवदूत पाव भाजत होते. दुसऱ्या वेळी ती ओच्यात पाव लपवून गरिबांसाठी नेत होती. मालकाने ओचा उघडायला लावला, तर त्यातून फुलं पडली. म्हणून आजही २७ एप्रिलला, तिच्या दिवशी, लुक्कात फुलांचा बाजार भरतो.

गंगाखेडची जनी आणि लुक्काची झिटा. दोघींची भाषा वेगळी, धर्म वेगळा, दोघींच्या मध्ये समुद्र. एकीला दुसरीचं नावही ठाऊक असण्याचं कारण नाही. तरी दोघी लहानपणीच परक्या घरी कामाला गेल्या, दोघींवर आळ आला आणि दोघींच्या मदतीला स्वर्गातून कुणीतरी आलं. यावरून काय कळतं? जिथे जिथे लहान मुलींना दुसऱ्यांच्या घरी राबावं लागलं, तिथे तिथे लोकांना मनातून वाटत होतं की हिच्या मदतीला कुणीतरी यायला हवं. माणसं येईनात, म्हणून कथेत देव आला.

जनीचा दिवस

झिटाचा दिवस दरवर्षी २७ एप्रिललाच येतो. जनाबाईचा दिवस आहे आषाढ वद्य त्रयोदशी, आणि तो इंग्रजी कॅलेंडरवर दरवर्षी हलतो. असं का होतं? आपले सण चंद्रावर मोजतात. चंद्राचे बारा महिने साधारण ३५४ दिवसांत संपतात आणि सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. दरवर्षी अकरा दिवसांचा फरक पडतो. आषाढी एकादशी २०२२ मध्ये १० जुलैला होती, २०२३ मध्ये २९ जूनला आली. असंच मागे सरकत राहिलं तर आषाढी भर उन्हाळ्यात येईल. म्हणून अडीच-तीन वर्षांनी एक महिना जास्तीचा धरतात, तोच अधिक मास. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, म्हणून २०२४ ची आषाढी एकदम १७ जुलैला गेली. २०२५ ला ती पुन्हा मागे येऊन ६ जुलैला झाली. जनीचा दिवसही तिच्या पाठोपाठ असाच मागेपुढे होतो.

आषाढाची तयारी आपल्याकडे आधीच सुरू होते. शेगावहून गजानन महाराजांची पालखी निघते, ती परभणीत येते, पुढे दैठणा, गंगाखेड करत परळीकडे जाते. रस्त्याने पताका, टाळ-मृदंग, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बाया. गावोगावचे लोक वाटेत पाणी, चहा, भाकरी-पिठलं घेऊन उभे असतात. गंगाखेडहून जनाबाईची पालखीही पंढरपूरला जाते. मला या पालखीचं फार अप्रूप वाटतं. लहानपणी जनी बापाचं बोट धरून ज्या दिशेने गेली, त्याच दिशेने आता सगळं गाव तिला वाजतगाजत नेतं.

एकादशीला उपवास, चंद्रभागेचं स्नान, विठ्ठलाचं दर्शन. मग पौर्णिमेला सगळ्या पालख्या गोपाळपूरला जातात. हे पंढरपूरच्या अगदी जवळ आहे. तिथे गोपाळकाला होतो. लाह्या, दही असं सगळं एकत्र कालवून एकमेकांच्या तोंडात घालायचं. कुणाच्या शिदोरीतलं काय, हे विचारायचं नाही. गोपाळपूरलाच जनाबाईचं जातं दाखवतात. बाया त्याच्या पाया पडतात. खुंट्याला हात लावून एखादी आजी दोन फेरे फिरवून पाहते.

पौर्णिमेनंतर तेराव्या दिवशी येते त्रयोदशी. शके १२७२, म्हणजे १३५० साली, याच तिथीला नामदेवांनी पंढरपूरला विठ्ठल मंदिराच्या महाद्वारात समाधी घेतली. त्यांच्या घरच्यांनी आणि जनाबाईनेही तेव्हाच देह ठेवला, अशी परंपरा आहे. महाद्वाराची ती पायरी आज नामदेव पायरी म्हणून ओळखतात. संतांच्या पायाची धूळ आपल्यावर पडावी, म्हणून नामदेवांनी पायरीची जागा मागून घेतली, असं सांगतात. अजूनही वारकरी तिच्यावर पाय न ठेवता, तिला हात लावून आत जातात.

गंगाखेडला गोदावरीकाठी जनाबाईचं मंदिर आहे. गावोगावच्या विठ्ठल मंदिरांतही या दिवसांत सप्ताह बसतो. वीणा खाली ठेवायची नाही, नाव थांबू द्यायचं नाही, अशी रीत असते. म्हणून वीणेकऱ्यांच्या पाळ्या लावतात. रात्री कीर्तन. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन, फुगड्या आणि महाप्रसादाची पंगत. पंगतीत वाढायला लहान मुलांनाही बोलावतात. मीठ, पाणी, पत्रावळी ही कामं मुलांचीच. तुम्ही कधी पत्रावळी वाटल्या असतील, तर जनीच्या उत्सवातलं खरं काम तुम्ही केलेलं आहे.

जात्याने सांभाळलेली गाणी

जात्यावर बसलं की बाईला ओवी सुचते, असं म्हणतात. जनीनंतरच्या सातशे वर्षांत कितीतरी बायांनी दळताना ओव्या गायल्या. भावाच्या, माहेराच्या, लेकीच्या, विठ्ठलाच्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळ फ्रान्सचे गी प्वातवाँ यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस गावोगाव फिरून या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावं, तीन हजारांहून अधिक बाया आणि एक लाखाहून अधिक ओव्या. त्यांत आपल्या परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या ओव्याही आहेत. त्या ओव्यांत बाया जनीचं नाव मैत्रिणीसारखं घेतात.

आता दळण गिरणीत जातं. ते बरंच झालं. पहाटे चारला उठून खांदे मोडून घ्यायला कुणाही मुलीला लागू नये. ज्वारीही बदलली. परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी मोती', 'परभणी शक्ती' अशा नव्या जाती काढल्या. पण जातं गेलं तशा ओव्याही जाऊ लागल्या. म्हणून एक काम करा. घरातल्या किंवा शेजारच्या सगळ्यात म्हाताऱ्या आजीजवळ वही घेऊन बसा. तिला म्हणा, जात्यावर काय म्हणायचीस, ते मला सांग. आधी ती म्हणेल, आता काय ध्यानात ऱ्हातंय. मग हाताने हवेतच खुंटा फिरवायला लागेल, आणि ओवी आपोआप ओठावर येईल. तिच्या शब्दांत, जशीच्या तशी लिहून घ्या. कबीरांनी गोवरी कानाशी धरली, तशी आपण आजीची ओवी धरायची.

तुमच्या घरातला खुंटा

जनीचा दिवस पाळायचा म्हणजे काय करायचं? देवळात जा, कीर्तन ऐका, प्रसाद घ्या, पंगतीत वाढा. हे सगळं कराच. पण तिची कथा नीट ऐकली, तर ती आणखी एक गोष्ट मागते.

तुमच्या घरात पहाटे सगळ्यांआधी कोण उठतं? भांडी घासायला कोण बसतं? उन्हात निंदायला, कापूस वेचायला कोण जातं? शाळेतले वर्ग झाडतं कोण? त्यांच्या समोरची जागा बहुतेक वेळा रिकामी असते. जनीच्या समोरची जागाही रिकामीच होती, आणि तिथे येऊन बसणाऱ्याला जनीने विठ्ठल म्हटलं.

आषाढ वद्य त्रयोदशीला एवढंच करा. एखादं जड काम शोधा आणि कुणी न सांगता त्याचा अर्धा भाग उचला. आई झाडत असेल, तर केर तुम्ही भरा. आजी घागर उचलत असेल, तर दुसऱ्या बाजूने हात लावा. फुलं, हार, गुलाल आणायला पैसे लागतात. याला काहीच लागत नाही. आणि आई जर विचारू लागली, आज काय एवढं, तर म्हणा, "आज जनीचा दिवस आहे ना."

परसातला तो दगड आता कधी फिरणार नाही. तरी एकदा त्याच्याजवळ जाऊन पाहा. खुंट्याच्या भोकाची कड बोटाने चाचपा. लाकूड घासून घासून ती गुळगुळीत झालेली असेल. किती पहाटा तिथे कुणीतरी एकटी बसून दळत होती, ते त्या कडेला ठाऊक आहे. आणि एखाद्या पहाटे समोर कुणी येऊन बसलं, तेव्हा जातं कसं हलकं झालं, तेही.